रविवारची चंदी, सोमवारचे दुखणे

*सुट्टीच्या दिवशी पोटभर चंदी आणि दुसऱ्या दिवशी एकदम काम, घोड्याचे स्नायू जखडण्याचे हे जुनेच कारण. घोडा शर्यतीचा असो, टांग्याचा असो की वरातीचा. ज्याला हे दुखणे वारंवार होते, त्याला सांभाळण्याचे खरे उपाय दोनच. तोबऱ्यातले माप आणि रोजचा फेरफटका!*

भाकरी का करपली? पाने का सडली? घोडा का अडला? या तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर मराठी घरातल्या पोराटोरांनाही पाठ असते, 'न फिरवल्यामुळे!' कोडे गमतीचे असले तरी त्यातला घोड्याविषयीचा भाग अगदी खरा आहे. तबेल्यात बांधून ठेवलेला, वर भरपूर दाणा खाल्लेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला जुंपला की पंधरा-वीस मिनिटांत अडतो. मालकाला वाटते, जनावर हट्टाला पेटले. चाबूक निघतो. पण तो घोडा हट्टी नसतो. त्याच्या पुठ्ठ्यांचे स्नायू लाकडासारखे कडक झालेले असतात आणि पुढचे प्रत्येक पाऊल त्याला असह्य वेदना देत असते. अशा वेळी त्याला जबरदस्तीने चालवले, तर दुखणे जिवावर बेतू शकते.

जुन्या काळी युरोपात ओढकामाचे घोडे रविवारी विश्रांती घेत. त्या दिवशीही त्यांना नेहमीइतकाच दाणा मिळे. सोमवारी सकाळी गाडीला जुंपले की त्यांतले काही जागच्या जागी जखडत. म्हणून तिकडे या रोगाला नावच पडले, 'सोमवार सकाळचा रोग'. शर्यतींच्या मैदानावर आज याला 'टाइंग अप' म्हणतात, म्हणजे स्नायूंना जणू गाठ बसणे.

घोड्यांचे शहर

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये सकाळी लवकर उठणाऱ्यांची संख्या मोठी. कुक्करहळ्ळी तलाव जवळच असल्याने तिथल्या पायवाटेवर फिरायला जाणाऱ्यांची रीघ लागते. त्यांतल्या कित्येकांना डॉक्टरांनी एकच सांगितलेले असते: भात-साखर कमी करा आणि रोज चाला, एकही दिवस चुकवू नका. याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या रेसकोर्सवर घोड्यांचा सकाळचा व्यायाम चालू असतो. आश्चर्य वाटेल, पण स्नायू जखडण्याची सवय लागलेल्या घोड्याला पशुवैद्य जो सल्ला देतात, तो तलावाकाठी फिरणाऱ्यांना मिळालेल्या सल्ल्याहून फारसा वेगळा नाही.

म्हैसूरचे आणि घोड्यांचे नाते जुने. इथल्या रेस क्लबची स्थापना १८९१ सालची. पहिल्या महायुद्धात, २३ सप्टेंबर १९१८ रोजी, जोधपूरच्या स्वारांबरोबर हैफा शहर जिंकणाऱ्यांत म्हैसूर लान्सर्सचे घोडदळ होते. शहरात एकेकाळी टांग्यांचे राज्य होते. आता थोडेच उरले आहेत आणि तेही मुख्यतः पर्यटकांसाठी. विजयादशमीच्या जंबू सवारीत सुवर्ण अंबारीच्या हत्तीइतकेच लोकांचे लक्ष वेधून घेतात ते घोडेस्वार पोलिसांचे रुबाबदार घोडे.

या सगळ्या घोड्यांची कामे निराळी, पण एक गोष्ट समान आहे. त्यांच्या कामाला चढउतार असतात. दसऱ्याआधी काही आठवडे तालमी चालतात. तोफांच्या आवाजाला हत्ती-घोडे बुजू नयेत म्हणून त्यांना तो आवाज ऐकवून सरावले जाते. उत्सव संपला की काम एकदम उतरते. शर्यतीच्या घोड्याचा पाय मुरगळला की त्याला सक्तीची विश्रांती. टांग्याच्या घोड्याला गर्दीच्या सुट्टीत उसंत नाही आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही. आपल्याकडे माथेरान-महाबळेश्वरची तट्टे आणि वरातीच्या घोड्या यांचीही हीच गत. मुहूर्त नसताना आठवडेच्या आठवडे दावणीला, आणि लग्नसराई लागली की रात्ररात्र बँडच्या गोंगाटात. काम कमी झाले तरी चंदी तेवढीच राहिली, की दुखण्याला वाट मिळते.

स्नायूंत नेमके काय बिघडते?

घोड्याच्या स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाच्या साखरेचा साठा असतो. दाण्यातल्या पिष्टापासून तो तयार होतो आणि धावताना जळतो. स्नायू आकुंचन पावला की त्याने पुन्हा सैल व्हायला हवे. या रोगात काही स्नायुपेशी सैल होतच नाहीत. त्या आखडतात, फुटतात आणि त्यांतला मायोग्लोबिन हा लाल पदार्थ रक्तात उतरतो. तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडताना लघवी कोऱ्या चहासारखी, गडद तपकिरी होते. मूत्रपिंडांना हा पदार्थ बाधतो, म्हणूनच लघवीचा रंग बदलणे ही धोक्याची घंटा समजावी.

१९३०च्या दशकापासून कित्येक वर्षे असे मानले जाई, की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचल्याने हे घडते. पुढे संशोधकांना दिसले, की नुसत्या चालीत किंवा दुडक्या चालीत, म्हणजे आम्ल फारसे तयारही झालेले नसताना, घोडे जखडतात. ती कल्पना मागे पडली. आज या दुखण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार केले जातात.

पहिला प्रकार कोणत्याही घोड्याला एखाद्या वेळी होणारा. झेपणार नाही इतके काम, भर उन्हात घामावाटे गेलेले क्षार, किंवा विश्रांतीनंतर एकदम पडलेला ताण ही त्याची कारणे. कारण दूर केले की घोडा बरा होतो आणि दुखणे परत फिरकत नाही.

दुसरा प्रकार चिवट. यात घोड्याच्या अंगातच तशी प्रवृत्ती असते. काही जातींत, विशेषतः क्वार्टर हॉर्स आणि बेल्जियन, पर्शेरॉन यांसारख्या ओढकामाच्या दांडग्या घोड्यांत, स्नायू गरजेपेक्षा जास्त ग्लायकोजेन साठवत राहतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली या विकाराला कारणीभूत असलेला जनुकातला दोष जाहीर केला. केसांच्या मुळांवरून किंवा रक्तावरून तो तपासता येतो. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी तो पुरेसा असतो. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत हा दोष जवळजवळ आढळत नाही. त्यांच्यातल्या वारंवार जखडणाऱ्या घोड्यांचे दुखणे निराळे असते आणि त्याचा घोड्याच्या स्वभावाशी जवळचा संबंध आहे. कोवळ्या वयाच्या, बुजऱ्या, अस्वस्थ माद्या त्याला अधिक बळी पडतात. भरपूर दाणा आणि मनावरचा ताण एकत्र आले की त्यांचे स्नायू जखडतात.

ओळखायचे कसे?

व्यायाम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात घोडा पावले आखडती घेऊ लागतो. कामाच्या मानाने घाम फार येतो. श्वास जोरात चालतो, नाकपुड्या फुलतात. पुठ्ठ्यावर हात ठेवला तर स्नायू दगडासारखा लागतो आणि घोडा अंग चोरतो. काही घोडे पाय ताणून लघवीला उभे राहिल्यासारखे करतात. लक्षणे पोटशुळासारखी दिसत असल्याने अनेकदा गफलत होते. पोटशुळात घोडा पोटाकडे वळून पाहतो, पोटावर लाथा मारतो, लोळतो. जखडलेला घोडा शक्यतो हलतच नाही. पण याची खात्री पशुवैद्यानेच करावी.

रक्ततपासणीने शंका फिटते. स्नायुपेशी फुटल्या की 'सीके' नावाचे विकर रक्तात वाढते. निरोगी घोड्यात शेकड्यांत असणारा हा आकडा दुखण्यानंतर चार ते सहा तासांत हजारोंत जातो. 'एएसटी' हे दुसरे विकर सावकाश चढते आणि सावकाश उतरते. दोन्ही आकडे पाहून दुखणे ताजे की काही दिवसांपूर्वीचे, हे पशुवैद्याला समजते.

घोडा अडला तर...

काम तिथेच थांबवावे. तबेला दोन किलोमीटरवर असला तरी 'हळूहळू चालवत नेऊ' असे म्हणू नये. शक्य असेल तर गाडी बोलवावी. खोगीर किंवा जू उतरवावे. ऊन असेल तर सावली आणि अंगावर पाणी, थंडी असेल तर पाठीवर झूल. प्यायला स्वच्छ पाणी समोर ठेवावे. दाणा लगेच बंद करावा; वाळले गवत चालेल. लघवीचा रंग पाहून ठेवावा आणि पशुवैद्याला तो आवर्जून सांगावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरात पडलेले वेदनाशामक औषध आपल्या मनाने देऊ नये. शरीरातले पाणी कमी झालेल्या घोड्याला अशा औषधांनी मूत्रपिंडाचा अपाय होण्याचा धोका असतो. लघवी गडद असेल तर शिरेतून सलाइन देण्याची गरज पडते आणि तिथे उशीर परवडत नाही.

तोबऱ्यात काय असावे?

दुखणे ओसरले की खरी परीक्षा सुरू होते. कारण ज्या घोड्याला हे वारंवार होते, त्याचे पथ्य पंधरा दिवसांचे नसून जन्माचे असते.

पायाचा दगड म्हणजे चारा. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का, शक्यतो दोन टक्के वाळला चारा मिळावा. ४५० किलोच्या शर्यतीच्या घोड्याला हे प्रमाण सुमारे सात ते नऊ किलो होते, तर ३०० किलोच्या टांग्याच्या तट्टाला साडेचार ते सहा किलो. चारा दिवसभर थोडा थोडा खाता आला तर उत्तम. स्थूल घोड्यासाठी किंवा ग्लायकोजेन साठवणाऱ्या प्रकारात चारा अर्धा-पाऊण तास पाण्यात बुडवून, पाणी ओतून देऊन घातला तर त्यातली काही साखर निघून जाते. आपल्या हवेत मात्र भिजवलेला चारा लवकर आंबतो, म्हणून तो लगेच खाऊ घालावा.

आता चंदी. म्हैसूरकडे कुळथाला 'हुरळी' म्हणतात. कोकणात ज्याचे पिठले होते, तेच कडधान्य तिथे सारात पडते आणि पिढ्यान् पिढ्या घोड्यांच्या तोबऱ्यातही पडत आले आहे. इंग्रजीत त्याला 'हॉर्स ग्राम' नाव मिळाले ते उगीच नव्हे. प्रथिनांसाठी कुळीथ आणि हरभरा उत्तमच. पण कुळथात निम्म्याहून जास्त भाग पिष्टमय पदार्थांचा असतो आणि स्निग्धांश जवळजवळ नसतो. ओट्समध्ये पिष्ट साधारण ४० ते ४५ टक्के, जवात त्याहून अधिक, तर मक्यात ६५ टक्क्यांच्या पुढे. दिवसभर राबणाऱ्या निरोगी घोड्याला ते पचते आणि लागतेही. जखडण्याची प्रवृत्ती असलेल्या घोड्याला मात्र तेच नडते. म्हणून त्याची चंदी शक्य तितकी कमी करावी, आणि जी द्यायची ती एकदम न देता तीन-चार वेळा विभागून द्यावी. मका टाळलेलाच बरा. मोतद्दाराने मायेने भरवलेला गुळाचा खडाही या घोड्यासाठी बंद.

मग धावायला ताकद कुठून येणार? ती स्निग्ध पदार्थांतून द्यायची. एक पेला, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर वनस्पती तेलातून पाऊण किलो ओट्सच्या आसपास ऊर्जा मिळते, आणि पिष्ट मात्र शून्य! तेल एकदम ओतू नये. रोज अर्धी वाटी, म्हणजे साधारण ७५ ते १०० मिलिलिटरपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावे. मोठ्या, मेहनती घोड्याला रोज अर्ध्या लिटरपर्यंत तेल देता येते. लीद पातळ झाली तर प्रमाण कमी करावे. भाताचा कोंडाही स्निग्धांशाने समृद्ध असतो, परंतु दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. तेल काढून घेतलेला कोंडा स्वस्त मिळतो, पण त्यात स्निग्धांशच उरलेला नसतो. आणि ताजा कोंडा प्रक्रिया केलेला नसेल तर थोड्या दिवसांत खवट होतो. शिवाय कोंड्यात फॉस्फरस फार असल्याने कॅल्शियमची जोड पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावी लागते. घोडा मुळातच लठ्ठ असेल तर त्याला तेलाची गरज नाही. नुसता दाणा तोडून व्यायाम वाढवणे हाच त्याचा उपाय.

मिठाचा विसर पडू देऊ नये. घोड्याच्या घामात क्षार पुष्कळ असतात आणि उन्हातल्या जड कामात तो तासाला दहा ते पंधरा लिटर घाम गाळू शकतो. मोठ्या घोड्याला रोज सुमारे ३० ग्रॅम साधे मीठ द्यावे, घाम जास्त गाळला तर अधिक. बारा महिने वाळल्या चाऱ्यावर असलेल्या घोड्याला 'ई' जीवनसत्त्व कमी पडते, ते हिरव्या चाऱ्यातून किंवा पूरक स्वरूपात भरून काढता येते. सेलेनियम हे खनिजही स्नायूंना लागते. पण त्याची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे, म्हणून तपासणीशिवाय ते देऊ नये.

रोजचा फेरफटका

आहार बदलला आणि घोडा दावणीलाच राहिला, तर अर्धेच काम झाले. रोजच्या हालचालीने स्नायू साठवलेले इंधन जाळायला शिकतात. दुखण्याच्या तीव्र वेदना संपून रक्तातले आकडे उतरू लागले की पशुवैद्याच्या परवानगीने घोड्याला हाताने धरून फिरवावे, मोकळ्या कुरणात सोडावे. पुढे लांब दोरीवर गोल फिरवताना पहिल्या दिवशी तीन ते पाच मिनिटेच पुरेत. मग रोज साधारण दोन मिनिटे वाढवत जावे. पंधरा मिनिटे आरामात झेपू लागली की खोगीर चढवावे. यात तीन आठवडे सहज जातात. घाई करणारा मालक पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, हा अनेक पागांचा अनुभव आहे.

नियमित कामावर आल्यावरही रोज आधी दहा-पंधरा मिनिटे नुसती चाल, मग दुडकी, मगच वेग. शेवटी पुन्हा चाल. सुट्टीचा दिवस असला तरी घोड्याने तबेल्यात उभे राहू नये. मोकळ्या जागेत सोडणे किंवा अर्धा तास फिरवणे झालेच पाहिजे. बुजऱ्या स्वभावाच्या घोड्यासाठी आणखी काही साध्या युक्त्या आहेत. त्याला इतरांच्या आधी चंदी द्यावी, आधी व्यायामाला काढावे, शेजारी शांत सोबती बांधावा, रोजच्या वेळा बदलू नयेत. शेजारच्या घोड्याचा तोबरा वाजतो आणि आपला येत नाही, एवढ्या कारणानेही असा घोडा घामाघूम होतो.

मापाचा नियम

जुने जाणते मोतद्दार एक सूत्र पाळत आले आहेत आणि आजचे विज्ञान त्याला दुजोरा देते. वाढवताना आधी काम, मग चंदी. घटवताना आधी चंदी, मग काम. रविवारी सुट्टी असेल तर शनिवारी संध्याकाळीच दाणा निम्मा करावा आणि सोमवारी काम सुरळीत सुरू झाल्यावर पूर्ववत करावा. दसऱ्याची तालीम संपली, शर्यतींचा हंगाम आटोपला, लग्नसराई थांबली की त्याच दिवसापासून तोबऱ्याचे माप बदलायला हवे. चाऱ्याला मात्र कात्री नको.

इथेच माणसाची माया आड येते. आठवडाभर राबलेल्या जनावराला सुट्टीच्या दिवशी दोन मुठी जास्त घालाव्यात, असे कोणाला वाटणार नाही? टांगेवाल्याच्या घरात घोडा हा मिळवता माणूस असतो. त्याच्या ताटात कमी वाढणे मनाला पटत नाही. पण ज्या घोड्याचे स्नायू जखडतात, त्याच्यासाठी त्या दोन मुठींची किंमत फार मोठी असते. एका दुखण्यात आठवड्यांची कमाई बुडते, पशुवैद्याचा खर्च वाढतो, आणि मूत्रपिंडे निकामी झाली तर घोडाही जातो.

घोडा विकत घेतानाही हे लक्षात असावे. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा अन्यत्र सौदा करताना दात, खूर, चाल, भोवरे पाहण्याची रीत आहे. त्याबरोबर विकणाऱ्याला एवढे जरूर विचारावे, की हा घोडा कामात कधी अडला होता का? अडला असेल तर तो कितव्या मिनिटाला, आदल्या दिवशी त्याला काम होते का आणि चंदी किती होती? वारंवार जखडणाऱ्या घोडीची पैदास करण्याआधी पशुवैद्याला विचारणे हेही शहाणपणाचे, कारण ही प्रवृत्ती वंशात उतरते.

बदललेल्या आहाराचा पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर धीर धरावा लागतो. पण एकदा घडी बसली की असे कित्येक घोडे वर्षानुवर्षे कामात राहतात, शर्यतीही धावतात. तबेल्याच्या दारावर एक साधी वही टांगावी. आज किती फिरला, किती दाणा खाल्ला, घाम कसा आला, लघवीचा रंग कसा होता, एवढेच रोज लिहावे. दुखणे परत आलेच, तर पशुवैद्याला सगळ्यांत आधी उपयोगी पडेल ती हीच वही.